बोलणारें यंत्र आणि आमचीं मुलें

(ज्युबिलीनिमित्त बार्शीटाकळी येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मिस्सेसाठीं प्रार्थना लिहिण्याचें काम आम्हीं नववी-दहावींतील मुलांवर सोपविलें होतें. दुसऱ्याच दिवशीं कागद हातीं आले. भाषा शुद्ध, अगदीं पुणेरी वळणाची. पण त्यांत बोंडअळीनें गेलेला कापूस नव्हता, यंदा देवाघरीं गेलेल्या वृद्ध मंडळींची आठवणही नव्हती. हें काम कृत्रिम बुद्धिमत्तेचें, हें उघड होतें.

आम्ही रागावलों. तेव्हां एक मुलगी म्हणाली, “तुमाले इचारलं त तुम्ही म्हनता, मंग सांगतो. ते तवाच सांगते, अन् खेकसतबी नाही.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

१८९१ सालीं पोप १३ वे लिओ यांनीं यंत्रयुगांतील कामगारांची बाजू मांडली. २०२५ सालीं निवडून आलेल्या पोपमहाराजांनीं १४ वे लिओ हें नांव घेतलें, तेव्हां या नव्या यंत्राचाच उल्लेख केला. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तरुणांस सांगितलें कीं, गृहपाठ त्याच्याकडून करवूं नका. हें आम्हीं मुलांस वाचून दाखविलें. त्यांनीं मुकाट्यानें ऐकून घेतलें.

मुलांस यंत्राचें नवल नाहीं, भयही नाहीं. भय काय तें आम्हांस! तें शब्दापुढें शब्द जुळवितें, कधीं चुकतेंही, हें तीं जाणतात. तरी चारचौघांत विचारावयास लाज वाटते तो प्रश्न तीं त्यालाच विचारतात.

म्हणून हल्लीं रविवारीं मिस्सेनंतर आम्ही दोघेतिघे व्हरांड्यांत बसतों. पहिल्या रविवारीं कोणी फिरकलें नाहीं. परवां ती मुलगी बीजगणिताचें उदाहरण घेऊन आली. आम्हांस सुटेना, तरी ‘मग सांगतों’ म्हणालों नाहीं, तिच्याबरोबर बसून राहिलों.