अणू, रोगी आणि संमती



चालकांनी मला या व्याख्यानमालेत बोलावले, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी हा विषय कळवला आणि त्यांचे उत्तर यायला जरा वेळ लागला. त्यांची अडचण मला समजते. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. कॉलेजच्या पायऱ्या मी चढलो त्या सभा घेण्यापुरत्याच. जे थोडे वाचले ते रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात, आपल्या नावाचा पुकारा होईपर्यंत. तेव्हा माझ्या सांगण्यात काही उणे असेल, तर सभेतील जाणकारांनी ते शेवटी उठून जरूर सांगावे.

मग हा विषय मी का घेतला? हल्ली वर्तमानपत्र उघडावे तो 'क्वांटम' हा शब्द दिसतो. २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी या विज्ञानाचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या सरकारनेही २०२३ साली त्यासाठी सहा हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. इस्पितळात जावे तर नवी नवी यंत्रे दिसतात. आणि या दोहोंच्या मागून 'जैवनीती' असा एक तिसरा शब्द येतो. असे शब्द कानी पडले की सामान्य माणूस 'हे काही आपले काम नव्हे' म्हणून बाजूला सरतो. आज मला एवढेच सांगायचे आहे की हे तिन्ही विषय शंभर वर्षांपूर्वी एका कारखान्यात एकत्र आले होते, आणि ते एकत्र आले ते तिथल्या कामगार मुलींच्या हाडांत.

प्रथम अणूची गोष्ट थोडक्यात पाहू. नळाचे पाणी हवे तेवढे घेता येते, थेंबभर घ्या की घागरभर. अंड्यांचे तसे नाही. एक, दोन, तीन असेच घ्यावे लागते, सव्वा अंडे कोणी देत नाही. ऊर्जा ही पाण्यासारखी आहे असे पूर्वी सर्व जण मानीत. १९०० सालच्या डिसेंबरात मॅक्स प्लँक या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले की प्रकाशाची ऊर्जा देण्याघेण्याचा हिशेब जुळवायचा तर ती ठराविक पुड्यांनी मोजली पाहिजे. या पुडीला क्वांटम म्हणतात. आपल्याकडील पुस्तकांत तिला 'पुंज' म्हणतात.

पुढच्या तीस वर्षांत या पुंजविज्ञानाने आणखी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. मारी आणि पिएर क्यूरी या दांपत्याने १८९८ साली रेडियम शोधले होते. रेडियमचे अणू आपोआप फुटतात आणि फुटताना कण व किरण बाहेर फेकतात. पण समोर रेडियमचा एक अणू ठेवला, तर तो या क्षणी फुटेल की दहा हजार वर्षांनी, हे जगातला कोणीही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. आपली यंत्रे कमी पडतात म्हणून सांगता येत नाही, असे नव्हे. ते मुळात ठरलेलेच नसते, असे आजचे विज्ञान मानते. असे अणू का व कसे फुटतात याचे गणित १९२८ साली गॅमोने, आणि त्याच्यापासून स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन या जोडीने, मांडले.

आता याची दुसरी बाजू पाहा. एका अणूचे सांगता येत नाही, पण समुदायाचे अगदी चोख सांगता येते. रेडियमचा साठा कितीही असो, सुमारे १६०० वर्षांत त्यातले निम्मे अणू फुटलेले असतात. एक ग्रॅम रेडियमात दर सेकंदाला सुमारे ३,७०० कोटी अणू फुटतात. एकाची हमी नाही, परंतु सर्वांचा हिशेब पक्का आहे. हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे, कारण पुढे इस्पितळात आपल्याला त्याची गरज लागणार आहे.

आता कारखान्यात जाऊ. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात ऑरेंज नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, तिथे रेडियमचा रंग तयार होऊ लागला. झिंक सल्फाइडात किंचित रेडियम मिसळले की तो रंग अंधारात चमकतो. खंदकातल्या सैनिकांना रात्री घड्याळ दिसावे म्हणून त्याला मोठी मागणी आली. घड्याळाच्या तबकड्यांवर हा रंग भरण्याचे काम तरुण मुली करीत. मजुरी नगावर होती. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याचे टोकही बारीक हवे. ते कसे काढावे, हे मुलींना कामावरच शिकवलेले होते. कुंचला ओठांत धरायचा, टोक काढायचे, रंगात बुडवायचा, आकडा रंगवायचा आणि पुन्हा ओठांत धरायचा. हा रंग अपायकारक नाही असे त्यांना सांगितलेले होते. संध्याकाळी घरी जाताना त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकत, आणि त्याचे त्यांना कौतुकच वाटे.

त्याच कंपनीत रेडियम तयार करणारे रसायनज्ञ शिशाच्या पडद्याआड उभे राहून, चिमट्याने ते हाताळीत होते. म्हणजे धोका मुळीच ठाऊक नव्हता, असे म्हणता येत नाही. थोड्या प्रमाणात तो किती, याची जाण त्या काळी अपुरी होती, हे मी मान्य करतो. परंतु ज्याला जाण होती त्याला चिमटा मिळाला, आणि जिला नव्हती तिला कुंचला मिळाला.

अपाय कसा झाला, तेही समजून घेतले पाहिजे. रेडियमातून निघणारे अल्फा कण कागदानेसुद्धा अडतात. बाहेरून ते कातडीला फारसे काही करीत नाहीत. पण रेडियमचा रासायनिक स्वभाव कॅल्शियमसारखा आहे. ते पोटात गेले की शरीर फसते, त्यातले काही कॅल्शियम समजून हाडांत नेऊन बसवते. मग ते तिथे बसून वर्षानुवर्षे आतून मारा करीत राहते. मुलींचे दात पडू लागले, जबडे सडले, रक्त कमी झाले, पायांची हाडे मोडू लागली. अमेलिया मॅगिया ही मुलगी १९२२ साली गेली, तेव्हा तिचा खालचा जबडा आधीच काढून टाकावा लागला होता. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले उपदंश, म्हणजे गुप्तरोग! जीव तर गेलाच, वर अब्रूही गेली. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, तिचे प्रेत उकरून तपासले, तेव्हा हाडांत रेडियम सापडले आणि तो डाग पुसला गेला.

कंपनीने १९२४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या सेसिल ड्रिंकर यांच्याकडून पाहणी करवली. कामगार धोक्यात आहेत असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कंपनीने तो दडपला आणि राज्याच्या कामगार खात्याला, सर्व मुलींची प्रकृती उत्तम आहे असे भासवणारी माहिती दिली. ड्रिंकर यांनी आपला अहवाल १९२५ साली छापला तो कंपनीचा विरोध मोडून. त्याच वर्षी हॅरिसन मार्टलंड या सरकारी वैद्यक-तपासनिसाने मुलींच्या शरीरातील रेडियम मोजून दाखवले.

ग्रेस फ्रायर नावाच्या कामगार मुलीला खटला चालवायला वकील मिळेपर्यंत दोन वर्षे गेली. १९२७ साली तिने आणि आणखी चार जणींनी दावा लावला. त्यांपैकी दोघी अमेलियाच्या सख्ख्या बहिणी. कंपनीचा बचाव काय होता? दावा दोन वर्षांच्या मुदतीत लावायला हवा होता, मुदत टळली! रेडियम हाडांत १६०० वर्षांच्या हिशेबाने बसलेले, आणि कायद्याची मुदत दोन वर्षांची. अखेर जून १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला रोख १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. दोष मात्र कंपनीने कबूल केला नाही. इलिनॉय राज्यातील ओटावा गावी अशाच दुसऱ्या एका कंपनीने मुलींची वैद्यकीय तपासणी केली आणि निकाल त्यांना सांगितलेच नाहीत. तिथे न्याय मिळायला १९३८ साल उजाडले.

पुढे १९४१ साली, माणसाच्या शरीरात रेडियम किती असले तर चालेल याची मर्यादा ठरवण्यात आली. एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग. हा आकडा मिळाला तो प्रामुख्याने या मुलींच्या शरीरांवरून. अणुबाँबच्या कामात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांची मर्यादासुद्धा पुढे याच आधारावर बसवली गेली. म्हणजे त्या मुलींमुळे हजारो लोक वाचले. पण 'तुमच्या शरीरावरून जग शिकणार आहे, चालेल का?' असे त्यांना कोणी कधी विचारले नव्हते.

जैवनीतीचा सगळा पाया या एका न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे, असे मला वाटते. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता झाली. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वखुशीची संमती हवी, हे तिचे पहिलेच कलम. १९७९ साली बोशां आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकन ग्रंथकारांनी चार तत्त्वे मांडली, ती आज जगभर शिकवली जातात. माझ्या भाषेत सांगतो. रोग्याला विचारून करा. अपाय करू नका. त्याचे भले करा. आणि लाभ व धोका यांची वाटणी न्यायाने करा. ऑरेंजच्या कारखान्यात या चारही तत्त्वांचा भंग झाला. त्यातही चौथ्याचा सर्वांत अधिक, कारण नफा एका बाजूला गेला आणि रेडियम दुसऱ्या.

आता मी माझाच एक अपराध आपल्यासमोर ठेवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सोबत्याच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची शस्त्रक्रिया व्हायची होती. फाटकावरच्या सभेत घोषणा द्यायला तोच पुढे असायचा. रात्री एक परिचारिका कागद घेऊन आली. तीन पाने, सगळी इंग्रजीत. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली होती. सोबत्याने तो कागद बायकोकडे दिला आणि तिने माझ्याकडे. म्हणाली, "भावजी, यात काय लिहिलंय?" मी पाने चाळली. मला निम्मे समजले नाही, आणि समजले नाही हे सांगण्याची लाज वाटली. मी म्हणालो, "करा सही वहिनी, सगळेच करतात."

शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, जीव वाचला. आवाज मात्र गेला. गळ्यात स्वरयंत्राकडे जाणारी नस त्या ग्रंथीला लागूनच असते, आणि हा धोका वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या तीन पानांत तो लिहिलेलाही होता, हे मला नंतर कळले. डॉक्टरांनी हयगय केली असे मी म्हणत नाही. सोबत्याला आधी सांगितले असते तरी त्याने बहुधा शस्त्रक्रिया करवूनच घेतली असती. पण तो निर्णय त्याचा झाला असता. आज तो घोगऱ्या आवाजात मला विचारतो, "तुला वाचता येत होतं ना?" आयुष्यभर मी मालकांना सांगत आलो की मजकूर समजावल्याशिवाय कामगाराची सही घेऊ नका. त्या रात्री मी स्वतःच ती घ्यायला लावली.

डॉक्टरमंडळी म्हणतात, "नक्की काय होईल हे आम्हालाच ठाऊक नसते, मग रोग्याला काय सांगणार?" इथे मघाचा अणू कामास येतो. रोगी म्हणजे अणू नव्हे. अणूची अनिश्चितता निसर्गातच आहे, रोग्याच्या बाबतीतली पुष्कळशी आपल्या अज्ञानातून येते. हा फरक विसरू नये. पण हिशेबाची रीत एकच आहे. या रोग्याचे काय होईल हे सांगता येत नसेल, तरी अशा शंभर जणांत किती जणांना काय झाले, हे सांगता येते. तेवढे सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. आणि शंभर टक्के हमी देणारा जो भेटेल, त्याच्यापासून दूर राहणे हे आपले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात हेच सांगितले. उपचाराचे स्वरूप व हेतू, त्याचे लाभ आणि धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम, इतके रोग्याला सांगितल्यावर मिळते ती संमती. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही. कारखान्यांच्या बाबतीत मात्र मालकाने धोक्याची माहिती कामगारांना दिलीच पाहिजे, हे कलम आपल्या कायद्यात १९८७ साली आले. त्याआधी १९८४ सालचे भोपाळ घडावे लागले.

आणि कायदा आला म्हणून काम संपले असेही नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काही मजूर आजारी पडले. कातडी काळवंडली, केस गळले, एक जण दगावला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले वर्षानुवर्षे पडून असलेले किरणोत्सर्गी कोबाल्टचे यंत्र भंगारात विकले गेले होते, आणि ते या मजुरांनी मोडले होते. आत काय आहे हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. याच कोबाल्टच्या किरणांनी कर्करोगावर इलाजही होतो. गिरणी कामगारांच्या परळात १९४१ साली उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयापासून आज जिल्ह्याजिल्ह्यांतील केंद्रांपर्यंत किरणांनी कितीतरी जीव वाचवले आहेत. किरण तेच. फरक पडतो तो सांगण्याने आणि सांभाळण्याने.

जाता जाता एक इशारा देतो. १९२० नंतरच्या काळात अमेरिकेत रेडियमचे पाणी टॉनिक म्हणून विकले जाई. ते पिऊन एक धनाढ्य उद्योगपती १९३२ साली मेला. आज रेडियमच्या जागी 'क्वांटम' हा शब्द आला आहे. या नावाची पदके आणि कडी गळ्याहातांत घालायला विकली जातात. मोबाइलच्या लहरींपासून रक्षण करतात म्हणून विकल्या जाणाऱ्या अशाच काही वस्तू २०२१ च्या डिसेंबरात हॉलंडच्या सरकारी यंत्रणेने तपासल्या, तेव्हा त्याच किरणोत्सर्गी निघाल्या! पुंजविज्ञान थोर आहे. इस्पितळातले एमआरआय यंत्र त्याच्याच पायावर उभे आहे. पण त्याचे नाव घेऊन जो आपल्याला काही खपवू पाहतो, त्यालाही आपण तेच प्रश्न विचारले पाहिजेत.

ते प्रश्न मी आता कागदावर लिहून खिशात ठेवतो. हे कशासाठी? यात धोका कोणता, आणि शंभरात किती जणांना? दुसरा उपाय आहे का? काहीच केले नाही तर काय होईल? आणि शेवटचा, हे मला माझ्या भाषेत सांगाल का? हे विचारायला पदवी लागत नाही, लाज मात्र बाजूला ठेवावी लागते. माझी ती फार उशिरा सुटली. आपली आज सुटावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.