लेडव्हिलचे शंभर मैल आणि त्यांची पूर्वतयारी

रुंद व खाचदार टायर, धक्के शोषून घेणारे सस्पेन्शन आणि चढणीसाठी अतिशय हलके गिअर असलेली, डांबरी रस्ता सोडून मुरूम, खडी व दगडगोट्यांच्या वाटांसाठी घडवलेली सायकल म्हणजे माउंटन बाइक. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून या सायकलीच्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये स्थान आहे; मात्र आजची ऑलिंपिक शर्यत साधारण दीड तासात संपते आणि तिच्यात चपळाईला व क्षणिक जोराला मोठे मोल असते. लांब पल्ल्याच्या शर्यतीचा प्रकारच वेगळा आहे. ती सहा ते बारा तास चालते आणि तिच्यात कोण किती वेगाने निघाला यापेक्षा शेवटच्या तीन तासांत कोण किती कमी मंदावला, यावर निकाल ठरतो. तयारीचा प्रत्येक घटक याच कसोटीवर तपासावा लागतो. हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात होणारी ‘लेडव्हिल ट्रेल १००’ ही शर्यत उत्तम उदाहरण ठरते.

लेडव्हिल हे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवरचे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीच्या खाणींमुळे भरभराटीला आलेले गाव. पुढे पोलादाला कणखरपणा देणाऱ्या मॉलिब्डेनम या धातूची क्लायमॅक्स येथील खाण या परिसराचा आधार झाली, पण १९८०च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली आणि गावावर बेकारीचे संकट कोसळले. बाहेरची माणसे गावात मुक्कामाला यावीत आणि चार पैसे खर्च करून जावीत, या हेतूने केन क्लोबर या खाण कामगाराने मेरिली मॉपिन यांच्या साथीने १९८३ साली शंभर मैलांची धावण्याची शर्यत सुरू केली आणि १९९४पासून तिच्या जोडीला माउंटन बाइकची शर्यत आली. बारा तासांच्या आत परतणाऱ्या स्पर्धकाला कमरपट्ट्याचे चांदीचे बकल मिळते, नऊ तासांच्या आत येणाऱ्याला त्याहून मोठे. आणि बहुसंख्य स्पर्धकांची खरी झुंज प्रतिस्पर्ध्याशी नसून या दोन मुदतींशी असते.

शर्यतीचा मार्ग जाऊन-येऊन, म्हणजे ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने परतायचे, असा आहे. त्याची लांबी सुमारे १६५ किलोमीटर असल्याने बारा तासांची मुदत गाठण्यासाठी ताशी चौदा किलोमीटरच्या जवळपास सरासरी राखावी लागते, आणि सपाट रस्त्यावर किरकोळ वाटणारा हा वेग येथील चढणींमुळे अवघड होतो. मार्गाच्या मध्यावर कोलंबाइन नावाच्या जुन्या खाणीकडे जाणारी चढण आहे. ट्विन लेक्स या तळ्यांजवळच्या सुमारे २,८०० मीटर उंचीपासून ती स्पर्धकाला ३,७८० मीटरच्या आसपास, झाडांची वाढ थांबते त्या रेषेच्याही वर नेते. परतीच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात ‘पॉवरलाइन’ ही विजेच्या तारांखालून चढणारी वाट लागते आणि तिच्या सुरुवातीचा भाग इतका उभा आहे की बरेच जण खाली उतरून सायकल ढकलत नेतात.

या चढणी शरीराकडून काय मागतात, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन धरले, तर ते एक हजार मीटर उचलण्यासाठी सुमारे ८८० किलोज्यूल एवढे यांत्रिक कार्य लागते. मानवी स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी अंदाजे चौथा हिस्साच कार्यात रूपांतरित करतात आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, त्यामुळे एकट्या कोलंबाइनच्या चढणीला सुमारे ८५० किलोकॅलरी खर्ची पडतात. खडीवरून टायर फिरवण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. याच हिशेबातून आणखी एक उपयुक्त गोष्ट निघते. सायकल एक किलोने हलकी केली, तर दोन तासांच्या चढणीत वाचतो तो मिनिटभराहून थोडा अधिक वेळ. म्हणून महागडे हलके भाग विकत घेण्यापेक्षा शरीराच्या इंधनाचे नियोजन करणे कितीतरी अधिक फलदायी ठरते.

शरीराजवळ इंधनाचे दोन मुख्य साठे असतात. चरबीचा साठा जवळजवळ न संपणारा आहे, पण तिच्यापासून ऊर्जा संथ गतीने मिळते. स्नायूंत व यकृतात साठलेली ग्लायकोजेन नावाची शर्करा ऊर्जा वेगाने पुरवते, पण तिचा साठा साधारण दोन हजार किलोकॅलरींच्या आसपासच असतो. श्रमाची तीव्रता जितकी वाढते तितका ग्लायकोजेनचा वाटा वाढतो, आणि म्हणून पहिल्या तासात उत्साहाच्या भरात केलेल्या जोराची किंमत नवव्या तासाला मोजावी लागते. प्रशिक्षणाचा पाया या एका वस्तुस्थितीवर उभा आहे: बोलता बोलता सायकल चालवता येईल अशा सौम्य तीव्रतेने महिनोन्‌महिने दीर्घ काळ स्वारी केली, की स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि पेशींतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढतात आणि त्याच वेगाला शरीर अधिक चरबी व कमी शर्करा वापरू लागते.

यासाठी सामान्यतः पाच-सहा महिन्यांचा कालावधी धरला जातो. आठवड्यातील बहुतेक तास सौम्य स्वारीचे असतात. त्यांच्या जोडीला एक किंवा दोन दिवस, दहा ते वीस मिनिटे टिकवता येईल अशा कठीण जोराचे टप्पे मध्ये विश्रांती घेत केले जातात, आणि एक दिवस लांब स्वारीसाठी राखून ठेवला जातो, जिची लांबी हळूहळू पाच, सहा, सात तासांपर्यंत वाढवत नेतात. तीन आठवडे भार वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात तो कमी करण्याची पद्धत रूढ आहे, कारण शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत. शर्यतीपूर्वीच्या सुमारे दोन आठवड्यांत एकूण तास जवळजवळ निम्म्यावर आणले जातात, पण थोडासा तीव्र सराव चालू ठेवला जातो. त्यामुळे साचलेला थकवा उतरतो आणि कमावलेली क्षमता टिकून राहते.

उताराचा सरावही तितकाच गरजेचा आहे, कारण उतारावर पाय विसावत असले तरी हात, खांदे आणि कंबर यांवर सतत ताण असतो. आसनावरून किंचित उठून, कोपर व गुडघे सैल ठेवून, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवणे, आणि ब्रेक वळणात नव्हे तर वळणापूर्वी लावणे, या सवयी थकलेल्या अवस्थेतही सुटू नयेत इतक्या मुरवाव्या लागतात. कोलंबाइनच्या वाटेवर तर खाली येणारे वेगवान स्वार आणि वर चढणारे मंद स्वार समोरासमोर येतात, त्यामुळे आपली बाजू न सोडता सरळ रेषेत सायकल ठेवणे हे तेथे सुरक्षिततेचे पहिले सूत्र ठरते.

खाण्याची तयारी हाही सरावाचाच भाग आहे. दीर्घ श्रमात तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके घेण्याचा सल्ला क्रीडा-आहारशास्त्र देते. मात्र ग्लुकोजचे आतड्यातून होणारे शोषण तासाला सुमारे ६० ग्रॅमच्या आसपास अडते आणि फ्रुक्टोज ही फळांतील शर्करा वेगळ्या मार्गाने शोषली जाते, म्हणून वरची मर्यादा गाठायची असल्यास दोहोंचे मिश्रण घ्यावे लागते. हे प्रमाण पचवण्याची सवय पोटाला काही आठवड्यांच्या सरावाने लागते, आणि म्हणूनच प्रत्येक लांब स्वारीत शर्यतीच्या दिवशीचेच अन्न, त्याच अंतराने घेणे हितावह ठरते. पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके टाळावी लागतात: पाणी कमी पडले तर रक्ताचे आकारमान घटून हृदयाचे ठोके वाढतात, तर घामावाटे गेलेल्या मिठाचा विचार न करता गरजेपेक्षा फार अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

लेडव्हिलचे खरे वैशिष्ट्य म्हणजे विरळ हवा. ३,१०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेच राहते, पण दाब कमी असल्यामुळे फुप्फुसांतून रक्तात जाणारा ऑक्सिजन घटतो, आणि कसलेल्या खेळाडूचीही ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर हजार मीटरला सुमारे सहा ते सात टक्क्यांनी कमी होते. सखल प्रदेशात ठरवलेला वेग येथे तसाच धरला, तर तो शरीराला पुष्कळ अधिक तीव्र पडतो आणि ग्लायकोजेन झपाट्याने संपते. उंचीशी जुळवून घेण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने होते: श्वसन पहिल्याच दिवसापासून वाढते, आरंभीच्या दिवसांत लघवीवाटे पाणी जाऊन रक्तातील द्रवभाग घटतो आणि झोप बिघडते, तर नव्या तांबड्या पेशींची भरीव वाढ होण्यास काही आठवडे लागतात व त्यासाठी शरीरात लोहाचा पुरेसा साठा असावा लागतो. म्हणून शक्य असल्यास दोन-तीन आठवडे आधी पोहोचणे श्रेयस्कर. डोकेदुखी, मळमळ आणि असाधारण थकवा ही उंचीच्या आजाराची लक्षणे दिसल्यास अधिक वर न जाता थांबणे, आणि ती वाढल्यास खाली उतरणे, हाच उपाय होय.

या शर्यतीत २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे विजयी ठरलेले डेव्ह वीन्स हे कोलोरॅडोतीलच सुमारे २,३५० मीटर उंचीवरच्या गनिसन गावचे रहिवासी. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात पुढे बदनाम झालेला सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग २००८ साली या शर्यतीत उतरला, तेव्हा त्यालाही वीन्स यांनी मागे टाकले. उंचीवरच्या वास्तव्याने आणि वाटेच्या दीर्घ परिचयाने येणारी जाण ऐनवेळी उसनी मिळत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

सायकलीची निवडही शेवटच्या तासांचा विचार करूनच करावी लागते. पुढे-मागे सस्पेन्शन असलेली सायकल थोडी जड असली तरी दहाव्या तासाला पाठ शाबूत ठेवते. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट नावाचा द्रव भरलेला असतो आणि तो लहान छिद्रे आपोआप बुजवतो. तरीही टायर कडेने फाटल्यास सुटी ट्यूब, पंप, बुजवणीच्या पट्ट्या आणि चेन जोडण्याचे साधन सोबत असावेच लागते. टायरमधील हवा स्वाराच्या वजनानुसार आणि सरावातील अनुभवाने ठरवावी. ती फार जास्त असली तर चाक खडीवर उसळते, फार कमी असली तर रिम दगडावर आदळते. मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांपैकी सर्वांत मोठी चकती ५० दातांच्या आसपास असली, तर उभ्या चढणीवरही पाय लयीत फिरतात. ब्रेकचे पॅड आणि चेन शर्यतीच्या आदल्या दिवशी न बदलता काही आठवडे आधी बदलून त्यांवर सराव करणे योग्य, कारण शर्यतीच्या दिवशी कोणतीही गोष्ट प्रथमच वापरली जाऊ नये, हा या क्षेत्रातील सर्वमान्य दंडक आहे.

ऑगस्टमधील या शर्यतीत पहाटे बोचरी थंडी असते, तर दुपारनंतर रॉकी पर्वतरांगांत मेघगर्जनेसह पाऊस किंवा गारा पडण्याचा संभव असतो. त्यामुळे खिशात मावणारे पातळ जाकीट चढणीवर ओझे वाटले तरी उतारावर गरजेचे ठरते. वाटेवरील ठरावीक ठाणी ठरावीक वेळेआधी ओलांडावी लागतात, आणि तेथे उभ्या असलेल्या मदतनीसांना कोणती बाटली व कोणते अन्न द्यायचे याची यादी आधीच दिलेली असली, तर तेथील थांबा लांबत नाही. दर थांब्याला पाच मिनिटे जास्त गेली, तरी सहा थांब्यांत अर्धा तास जातो, आणि बारा तासांच्या मुदतीशी झुंजणाऱ्या स्पर्धकाला तो चढणीवर भरून काढता येत नाही.

महाराष्ट्रातील सायकलपटूला यांपैकी बरीच तयारी सह्याद्रीतच करता येते. समुद्रसपाटीच्या जवळ असलेल्या पोलादपुरापासून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरापर्यंत चढणारा आंबेनळी घाट एकूण उंचीच्या दृष्टीने कोलंबाइनच्या चढणीहून अधिक आहे. त्याचा उतार सौम्य आणि रस्ता पक्का असला, तरी लयीत तासन्‌तास चढण्याचा व चढता चढता खाण्याचा सराव तेथे उत्तम होतो, आणि मावळातील मुरमाड गाडीवाटा सायकलीवरील ताबा कमावण्यास पुरेशा आहेत. केवळ उंची येथे मिळत नाही, कारण राज्याचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरच आहे. त्यासाठी सुमारे ३,५०० मीटरवरील लेहसारख्या ठिकाणी किंवा प्रत्यक्ष शर्यतीच्या गावी आधी मुक्काम करणे हाच मार्ग उरतो. म्हणून येथून जाणाऱ्या स्पर्धकाने वर्षाच्या आरंभी पैशांचा आणि रजेचा हिशेब मांडताना नव्या सायकलीच्या आधी त्या दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामाची तरतूद करावी, आणि पहिल्या चढणीवर इतरांना पुढे जाऊ देण्याचा संयम सरावातच अंगी बाणवावा.