घरबसल्या कामाची मजुरी



कारखान्यात जाणाऱ्या माणसाचा पगार कसा ठरतो हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. भोंगा झाला, हजेरी लागली, दिवस भरला, महिनाअखेर पाकीट हाती आलं. पण जी बाई घरीच बसून काम करते तिच्यासाठी भोंगा नाही की हजेरी नाही. मग तिची मजुरी मोजायची कशावरून? आज याच प्रश्नाविषयी आपल्याशी बोलायचं आहे, आणि उदाहरण घेणार आहे ते बिडीचं. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, गोंदिया आणि पलीकडे कर्नाटकातलं निपाणी, या गावांतल्या किती तरी घरांत बाईच्या मांडीवर तंबाखूचं सूप असतं. तंबाखू ओढणाऱ्याला वाईट, तशीच तिची धूळ दिवसभर नाकातोंडात घेणाऱ्या बाईलाही वाईट, यात वाद नाही. तो विषय मात्र दुसऱ्या भाषणाचा.

व्यवहार असा चालतो. कारखान्याच्या शाखेतून किंवा ठेकेदाराकडून बाईला टेंभुर्णीची पानं, तंबाखू आणि दोरा मिळतो. घरी आणून ती पानं भिजवते, मापानं कापते, बिड्या वळते, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधते आणि त्या शाखेत नेऊन देते. मजुरी हजारी, म्हणजे हजार बिड्यांना इतके रुपये. ऐकायला हिशेब अगदी सरळ वाटतो, नाही का? पण कोणत्याही बाईला विचारा, ती सांगेल की मजुरी ठरते ती दरावर नव्हे. ती ठरते शाखेतल्या त्या टेबलावर, जिथं माल तपासला जातो.

समजा, केवळ हिशेबापुरतं, दर हजाराला दोनशे रुपये आहे. बाईनं हजार बिड्या नेल्या. तपासणाऱ्यानं त्यातल्या पन्नास काढून बाजूला टाकल्या. यालाच छाट म्हणतात. उरल्या साडेनऊशे, म्हणजे हाती आले एकशे नव्वद. आता मागं जा. मिळालेल्या पानांत फाटकी, भोकं पडलेली बरीच निघाली, म्हणून हजार पुरे करायला तिनं पंधरा रुपयांची पानं पदरची घातली होती. राहिले एकशे पंचाहत्तर. दर कागदावर दोनशेच राहिला, कुणी तो कमी केला नाही, आणि तरीही पंचवीस रुपये गेले. शिवाय घरातली जागा तिची, दिवा तिचा, कात्री तिची. आणि छाटून काढलेल्या पन्नास बिड्या कुठं गेल्या? त्या बाईला परत मिळाल्या, की तिथंच राहिल्या? हा प्रश्न विचारायला कुणी धजत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच टेबलाशी उभं राहायचं असतं.

मालक मंडळींचं म्हणणं पूर्वीपासून एकच. ही बाई आमची नोकर नव्हे. तिच्या घरी ती केव्हा बसते, केव्हा उठते, आम्ही पाहायला जात नाही. यावर १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं भविष्यनिर्वाह निधीच्या खटल्यात निकाल दिला. न्यायालयाचा विचार समजायला सोपा आहे. माल नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याची कामावर देखरेख आहेच. बिडी वळण्यासारख्या कामाला तेवढी देखरेख पुरते. म्हणजे पाहा, ज्या छाटीनं बाईची मजुरी कापली जाते तीच छाट तिला कामगार ठरवते! घरी वळणाऱ्या बाईलाही भविष्यनिर्वाह निधीचा हक्क आहे, तो असा.

कायद्यानंही लक्ष दिलंच नाही असं नव्हे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नगावर दिल्या जाणाऱ्या मजुरीलाही किमान दर ठरवण्याची सोय होती, ती २०१९ च्या वेतन संहितेतही ठेवली आहे. १९६६ साली बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्याखाली राज्यांनी केलेल्या नियमांत छाटीलाही मर्यादा घातली गेली. पण दर रोज मोजावा लागतो, आणि मोजणारा एकच पक्ष असला की कायदा दाराबाहेरच राहतो.

सगळीकडे असंच चालतं असंही नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापडांचा उद्योग काढला, तो पुढं लिज्जत या नावानं देशभर गेला. तिथंही काम घरीच. सकाळी मळलेलं पीठ तोलून न्यायचं, लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि लाटणावळ हातोहात घ्यायची. तपासणी तिथंही असते. फरक एवढाच, की तिथं लाटणाऱ्या बायकाच संस्थेच्या मालक आहेत.

आता गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. आपल्या वर्गात एखादी मुलगी दुपारच्या सुट्टीनंतर दिसत नसेल, तर तिच्या आईच्या हजारात तिच्या दोनशे बिड्या असण्याचा संभव आहे. तिला रागावू नका. अंकगणिताच्या तासाला आईचं पुस्तक आणायला सांगा. पानं किती मिळाली, बिड्या किती दिल्या, छाट किती गेली, पैसे किती आले, असे चार रकाने वहीत आखून द्या. सोलापुरात पुष्कळ मुलींच्या घरी तेलुगू बोलतात. आकडे मात्र सर्वांना एकच. पुस्तकावर नाव कुणाचं आहे तेही पाहायला सांगा. शेजारणीच्या पुस्तकावर वळलेल्या बिड्यांचा निधी शेजारणीच्याच खात्यात जमा होतो, आणि वीस वर्षं वळूनही खरी वळणारी रिकामीच राहते.

२०१६ च्या नोटबंदीनंतर पुष्कळ मजुरी बँकेत जमा होऊ लागली. बँकेपर्यंत जाण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून बायका कुरकुरल्या, आणि ती कुरकुर रास्तच होती. पण बँकेच्या पुस्तकात तारीख असते, रक्कम असते. मुलीनं वहीतला चौथा रकाना त्या पुस्तकाशी महिन्यातून एकदा ताडून पाहिला, तर कमी पडलेले रुपये कोणत्या दिवसाचे ते बोट ठेवून दाखवता येतं.