खरी नक्कल



मघाशी प्राचार्य मॅडमनी सांगितलं की येत्या वर्षापासून सर्व्हर आणि डेटाबेस व्यवस्थापन हे विषय संगणक विभागात पूर्ण प्रात्यक्षिकांसह सुरू होणार आहेत. गेली २२ वर्षं माझं पोट याच कामावर आहे, त्यामुळे आज मी दुसऱ्या कशावर बोलणार नाही.

माझ्या नोकरीचं ते दुसरं वर्ष होतं. एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळत होतो. त्यात दोन डिस्क जोडीनं चालत. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर उमटायचं, म्हणजे एक बिघडली तरी काम थांबत नसे. त्यातली एक बिघडली होती. सर्व्हरच्या दर्शनी भागावर पिवळा दिवा लागला होता, पण तो सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता आणि त्याच्यापुढे स्टेशनरीचे खोके रचलेले होते. दिवा कुणी पाहिला नाही. पाहणं माझं काम होतं, मीही पाहिला नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरी डिस्कही गेली.

तरी मी निर्धास्त होतो. रोज रात्री ११ वाजता बॅकअप व्हायचा आणि सकाळी स्क्रीनवर ‘बॅकअप पूर्ण’ असं दिसायचं. बाहेरची हार्ड डिस्क जोडून पाहिली. रोजच्या तारखेची फाइल तिथे होती, फक्त शेवटच्या ११ फाइलींचा आकार शून्य होता. ती हार्ड डिस्क भरून गेली होती. आमची स्क्रिप्ट फाइल तयार करायची, आत काहीच उतरायचं नाही, आणि ते न तपासताच ती ‘पूर्ण’ छापून मोकळी व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी पासबुक घेऊन खिडकीशी आल्या. त्यांची रोजची पिग्मी होती. संगणक बंद असल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. “माझे पैसे आहेत ना रे बाळा?” त्यांनी विचारलं. मी “आहेत मावशी” म्हणालो. ते खरं आहे की नाही हे त्या क्षणी मला ठाऊक नव्हतं. पिग्मी एजंटांच्या वह्या आणि रोखपालांनी दिवसवार बांधून ठेवलेल्या स्लिपा शाबूत होत्या, म्हणून आम्ही चौघांनी चार रात्री बसून ते ११ दिवस पुन्हा भरले. पैसा न् पैसा जुळला. कागदानं वाचवलं, मी वाचवलं नव्हतं.

त्या चार रात्रींत मला आपल्याच भाषेतला एक शब्द नव्यानं कळला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सातबारा आहे. तलाठी कार्यालयातून हातानं लिहिलेला उतारा मिळायचा, तेव्हा त्याच्या तळाशी लिहिलेलं असायचं: ‘खरी नक्कल’. मूळ कागदाशी ताडून पाहिल्यावर त्याखाली सही व्हायची, आणि त्या सहीनंतरच तो कागद कोर्टात नि बँकेत चालायचा. माझ्याकडे ११ नकला होत्या, त्यातली एकही खरी नव्हती, कारण मी एकदाही ताडून पाहिलं नव्हतं.

आपल्याकडे नोंदी सांभाळणाऱ्यांना मोठा मान होता. फडणीस म्हणजे मुळात फर्दनवीस, हिशेबाचे फर्द लिहिणारा. चिटणीस, पोतनीस, दप्तरदार ही आडनावं आपल्या हजेरीपटावर आजही आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून जपले गेले, म्हणूनच गो. स. सरदेसाईंना त्यांतून निवड करून ४५ खंड काढता आले. डेटाबेस सांभाळणारा आजचा माणूस त्याच परंपरेतला आहे असं मी मनापासून मानतो. फरक इतकाच की कागदाचं दप्तर सडायला, वाळवी लागायला वर्षं लागतात. सर्व्हरवरचं दप्तर एका कमांडनं सेकंदात जातं.

हे माझ्यासारख्या नवख्याच्याच बाबतीत होतं असं नाही. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड गिटलॅब नावाच्या कंपनीकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक अभियंता मुख्य डेटाबेस आणि त्याचा जोडीदार सर्व्हर यांच्यातला बिघाड दुरुस्त करत होता. रात्र बरीच झाली होती. जोडीदार सर्व्हरवरचा फोल्डर रिकामा करतोय अशा समजुतीनं त्यानं कमांड दिली, ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्यानं ती थांबवली, पण सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या मिळून पाच व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी एकीवरही भिस्त ठेवता येईना. एक तर डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणारा प्रोग्रॅम वापरत असल्यामुळे मुकाट्यानं अपयशी ठरत होती, आणि ते कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. त्याच अभियंत्यानं सहा तासांपूर्वी चाचणीसाठी हातानं एक प्रत काढली होती. तीच कामी आली. सहा तासांची नोंद मात्र कायमची गेली.

पुढे कंपनीनं काय केलं ते मला फार मोलाचं वाटतं. दुरुस्ती चालू असताना त्यांनी ती लोकांना थेट दाखवली आणि नंतर काय चुकलं याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. ‘कोणी केलं’ यापेक्षा ‘हे होऊच कसं शकलं’ याला त्यात जागा दिली आहे. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, तो अहवाल वर्गात वाचून घ्या. एका प्रकरणाएवढं शिक्षण त्या काही पानांत आहे.

आता अभ्यासक्रमाविषयी. तुम्ही डीबीएमएसच्या जर्नलमध्ये ईएमपी आणि डीईपीटी या दोन टेबलांवर क्वेऱ्या लिहिता. आम्हीही लिहिल्या. ईएमपीमध्ये १४ ओळी असतात, अध्यक्ष किंगचा पगार ५००० आणि कारकून स्मिथचा ८००. भाषा शिकायला ते टेबल उत्तम आहे. एडगर कॉड यांनी १९७० च्या निबंधात मांडलेला विचार, म्हणजे माहिती साध्या टेबलांत ठेवायची आणि ती कुठे कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्यानं करायची नाही, तो त्या १४ ओळींतही समजतो. पण १४ ओळींवर वाईटातली वाईट क्वेरीसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देते. त्यात ५० लाख ओळी भरा. मग तीच क्वेरी चालवा आणि वाट पाहा. मग एक इंडेक्स बांधा, पुन्हा चालवा. इंडेक्स म्हणजे काय हे त्या वेळी जे समजतं, ते व्हायवाची व्याख्या पाठ करून समजत नाही. ५० लाख खोट्या ओळी तयार करायला दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट लागते, आणि लॅबमधला साधा संगणकही त्या पेलतो.

नेटवर्कचंही तसंच आहे. सात थर क्रमानं लिहिता येतात म्हणून बिघाड सापडत नाही. ‘नेट चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी केबल पाहा, मग आपल्याला पत्ता मिळालाय का पाहा, मग गेटवेला पिंग करा, मग नावाचा पत्ता होतोय का ते तपासा. सगळं नेट बंद आहे असं वाटावं आणि निघावा फक्त डीएनएसचा घोटाळा, हे मी असंख्य वेळा पाहिलंय. शिक्षकांनी रोज सकाळी लॅबमध्ये मुद्दाम एक बिघाड करून ठेवावा आणि मुलांनी तो शोधावा. केलेली प्रत्येक पायरी वहीत लिहावी, चुकलेलीसुद्धा. ती वही मला जर्नलपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

संस्थाचालकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. अनेक महाविद्यालयांत मी सर्व्हर रूम पाहिल्या. कुलूप असतं, किल्ली एकाकडे असते, आणि विद्यार्थी काचेतून बघतात. यंत्र बिघडेल अशी भीती असते. अहो, ते बिघडावं यासाठीच एक यंत्र मुलांना द्या! जुनं चालेल. लिनक्स फुकट आहे, पोस्टग्रेस फुकट आहे, मारियाडीबी फुकट आहे. पाच मुलांच्या गटानं ते उभं करावं, दुसऱ्या गटानं पाडावं, पहिल्यानं पुन्हा उभं करावं आणि त्याला किती वेळ लागला ते फळ्यावर लिहावं. वर्षाकाठी ९९.९ टक्के वेळ सेवा चालू ठेवायची तर बंद राहायला पावणेनऊ तास मिळतात. आणखी एक ९ वाढवला तर तासभरसुद्धा मिळत नाही. फळ्यावरच्या वेळा पाहिल्या की या आकड्यांचा अर्थ मुलांना आपोआप लागेल.

आणि खोट्या टेबलांवरच थांबू नका. ग्रंथालयांसाठी कोहा नावाची मुक्त प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयानं ती २००० साली प्रथम वापरात आणली. कोहा या माओरी शब्दाचा अर्थ भेट. ती लिनक्सवर आणि मारियाडीबीवर चालते, म्हणजे तुमचे दोन्ही विषय तिच्यात आले. ग्रंथपाल आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली आपल्या ग्रंथालयाची कोहा मुलांना चालवू द्या. आपल्याच मैत्रिणीनं परत केलेलं पुस्तक तिच्या नावावर राहिलं आणि तिला दंड लागला, की नोंदीची जबाबदारी काय असते हे कळतं. त्या मावशींच्या प्रश्नासमोर मी जसा उभा होतो तसं उभं राहण्याची वेळ तुमच्यावर येईल तेव्हा तुम्ही तयार असाल.

एवढं एक करा. दर सत्रात एक शनिवार ठरवा. ग्रंथालयाच्या डेटाबेसचा बॅकअप संपूर्ण कोऱ्या यंत्रावर उतरवा, पुस्तकांची आणि सभासदांची संख्या मूळ नोंदींशी ताडून पाहा, आणि जुळलं तर तारीख घालून ‘खरी नक्कल’ असं लिहून त्याखाली विद्यार्थ्यानं आणि शिक्षकानं सही करावी. पहिल्या शनिवारी मला बोलवा. मी येईन.