उजेडाची घाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

३ जून २०२० हा दिवस आम्ही रायगडकर विसरणार नाही. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने आमची नारळी-पोफळीची वाडी आडवी केली. विजेचे खांब मोडले, तारा रस्त्यावर लोळू लागल्या. वीज आज येईल, उद्या येईल, असं म्हणता म्हणता दिवस जाऊ लागले. विहीर भरलेली, पण पंप बंद. आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, आणि फ्रिज कपाटासारखा नुसता उभा!

पाचव्या दिवशी पुतण्याने एका मंडपवाल्याकडून जनरेटर भाड्याने आणला. टाळेबंदीमुळे लग्नं थांबली होती, तो पडूनच होता. पाऊस होता म्हणून पडवीत ठेवला. पुतण्याने दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर तयार केली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीवरच्या प्लगमध्ये. सगळं घर उजळलं. शेजारीपाजारी मोबाइल चार्ज करायला आले. आम्हाला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

रात्री आईचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. जागरणाने असेल, असं आम्ही म्हटलं. अंगणात खुर्ची टाकून बसवल्यावर तिला बरं वाटलं, तरीही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सकाळी पंपासाठी जनरेटर पुन्हा सुरू केला. थोड्याच वेळात वायरमन धावत आला. "काका, आधी तो जनरेटर बंद करा!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आमच्या घरासमोरच्या खांबावर चढण्यापूर्वी नियमाप्रमाणे त्याने तारांवर अर्थिंगची साखळी टाकली होती. बंद असलेल्या तारेवर ठिणगी उडाली. ती वीज आमच्या घरातून निघाली होती! मेन स्विच बंद करायचं पुतण्या विसरला होता. पुढची तार तुटलेली, त्यामुळे गावाचा भार जनरेटरवर आला नाही आणि तो बिनबोभाट चालत राहिला. साखळी न टाकता त्याने तारेला हात लावला असता तर?

चहा घेताना तो म्हणाला, "तार बंद केलीय एवढं आम्हाला माहीत असतं. पण कुणाच्या घरातून वीज उलटी येतेय, हे खांबावरून कसं कळणार?" मग त्याने आणखी एक गोष्ट समजावली. ही उलटी वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचली, तर घरातल्या २३० व्होल्टचे पलीकडच्या तारेवर हजारो व्होल्ट होतात. म्हणजे दुसऱ्या गावात काम करणाऱ्याचाही जीव जाऊ शकतो.

तेव्हापासून दोन पिनांची वायर आमच्या घरात वर्ज्य आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला. त्यात एका वेळी एकच जोडणी होते, बाहेरची वीज तरी किंवा जनरेटर तरी. कुणाच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही. हा स्विच नसेल, तर जनरेटरपासून चांगल्या जाड वायरचा बोर्ड घेऊन फ्रिज आणि दिवे त्याला थेट जोडावेत. भिंतीच्या प्लगमध्ये वीज सोडू नये.

आईच्या डोकेदुखीचं कारणही नंतर कळलं. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जाऊ शकतो. म्हणून जनरेटर घरात, पडवीत किंवा जिन्याखाली ठेवायचा नाही. तो दारं-खिडक्यांपासून लांब, चारही बाजूंनी मोकळ्या छपराखाली हवा. पेट्रोल भरायचं ते यंत्र बंद करून, थंड झाल्यावरच.

आणि ही सारी तयारी वादळाच्या आधी करायची. आपल्या किनाऱ्याला मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे धोक्याचे महिने. एरवी महिन्यातून एकदा जनरेटर पंधरा-वीस मिनिटं भार देऊन चालवावा. टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवलं की ते खराब होतं आणि ऐन वेळी यंत्र सुरू होत नाही. पंप आणि फ्रिज सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतात, म्हणून एकामागून एक लावावेत. वादळाचा इशारा आला की वरची टाकी भरावी, मोबाइल चार्ज करावेत, फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवाव्यात. दार न उघडल्यास फ्रिज चारेक तास थंड राहतो.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हाही आमची वीज गेली. तोच वायरमन आला, फाटकातूनच म्हणाला, "काका, जनरेटर?" मी त्याला आत नेऊन तो स्विच दाखवला. मान डोलावून तो खांबाकडे वळला. पण चढण्यापूर्वी त्याने साखळी टाकलीच. त्याचं बरोबरच होतं. गावात घर काही माझं एकट्याचंच नाही.