युतीच्या बेरजेत हरवलेला हिशेब

(पूनम सागर येथील बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, गटासाठी विधानसभेच्या जुन्या निकालांचा तक्ता करताना मी २०१९ साठी एकच ओळ लिहिली: 'युती १६१'. एका बाईने विचारलं, "ताई, यात कोणाच्या किती?" मग ओळ फोडली. भाजपने १६४ जागा लढवून १०५ जिंकल्या, शिवसेनेने १२६ लढवून ५६. भाजपच्या १६४ मध्ये कमळावर लढलेले छोटे मित्रपक्षही होते. २०१४ ला वर्सोव्यातून शिवसंग्रामच्या भारती लव्हेकर अशाच कमळावर निवडून आल्या. निकालात त्या भाजपच्या. उलट २०१९ ला आपल्या मीरा-भाईंदरमधून भाजपच्या माजी महापौर गीता जैन अपक्ष निवडून आल्या. युतीच्या बेरजेत त्या नाहीत.

म्हणून चिन्ह, मूळ पक्ष आणि युती यांचे रकाने वेगळे ठेवा. लढवलेल्या आणि जिंकलेल्या जागा शेजारी लिहा. शेवटचा रकाना आपला: बायका किती? २०१९ ला २८८ आमदारांत बायका होत्या २४. तिकीट पक्ष देतो, युती नव्हे. ती युती तर नोव्हेंबर २०१९ मध्येच तुटली. मग जाब कोणाला विचारणार? पक्षनिहाय तक्ता हाती असेल, तरच विचारता येईल.