आधी चाल, मग रूप

आपल्याकडे रेल्वेच्या डब्याला सर्रास ‘बोगी’ म्हणतात. ‘आमची बोगी पुढे लागते की मागे?’ असं आपण हमालाला विचारतो. डबेदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे जरा खटकतं. बोगी म्हणजे डबा नव्हे. डब्याच्या पोटाखाली दोन्ही टोकांना चार चार चाकांचे जे गाडे असतात, त्यांना बोगी म्हणायचं. हा खुलासा आधीच केला, कारण आज ज्या डब्यांबद्दल मी बोलणार आहे ते वीतभर लांबीचे असले तरी त्यांनाही बोगी आहेत, बफर आहेत, कपलिंग आहे. आणि मोठ्या डब्यांसारखी त्यांचीही पीओएच, म्हणजे ठरावीक मुदतीची संपूर्ण दुरुस्ती करावी लागते.

मी बोलतोय ते मॉडेल रेल्वेच्या डब्यांबद्दल. याला खेळणं म्हणावं तर म्हणा, पण हा छंद मोठ्या माणसांचा आहे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. तिथे गेलेल्यांना सिग्नल, सांधे, स्टेशनं आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या आठवत असतील. निवृत्तीनंतर मीही या नादाला लागलो. मात्र नवीन गाड्या घेण्यापेक्षा जुने डबे दुरुस्त करण्यात माझा जीव जास्त रमतो. सवय, दुसरं काय!

या छंदाचं माहेर इंग्लंड आणि जर्मनी. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या आणि १९३८ मध्ये ‘डब्लो’ नावाने लहान आकाराच्या गाड्या काढल्या. तिथे या आकाराला ‘डबल ओ’ म्हणतात. खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे साधारण शहात्तराव्या हिश्शाचं माप. पुढे ट्रायअँग कंपनीने प्लॅस्टिकचे स्वस्त डबे आणले आणि मध्यमवर्गीय घरांतही आगगाड्या धावू लागल्या. १९६५ पासून ही दोन्ही नावं एकत्र आली. इटलीच्या लिमा कंपनीचे डबेही बरेच खपले. आपल्याकडे हे डबे आले ते बहुतेक बोटीने किंवा विमानाने, परदेशी नोकरीला गेलेल्या कुणा काका-मामाच्या बॅगेतून.

असेच चार डबे दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. हातात बुटांचं खोकं. त्यांचे थोरले बंधू १९६०च्या दशकात लंडनला नोकरीला गेले आणि तिथेच राहिले. त्यांच्या पश्चात हे डबे इकडे आले. नातवाकडे नव्या बांधणीचं इंजिन आणि दोन नवे डबे होते. तो म्हणाला, “आजोबा, हे डबे नव्या गाडीला जोडता येतील का? जोडले की रुळावरून पडतात. आणि दिसतातही जुनाट. नवीन रंग द्या ना यांना.”

मी डबे उलटे करून पाहिले. प्रत्येकाच्या पोटाखाली पेन्सिलीने नावं लिहिलेली होती : कर्जत, पळसदरी, खंडाळा, लोणावळा. आणि तीन डब्यांच्या खिडक्यांखाली कागदाची बारीक पट्टी चिकटवून त्यावर सुरेख अक्षरात ‘दख्खनची राणी’ असं शाईने लिहिलं होतं. डबे ब्रिटिश रेल्वेचे, निळ्या-करड्या रंगाचे. त्या निळ्या रंगावरूनच लंडनमधल्या त्या माणसाला १९३० पासून मुंबई-पुण्याच्या मधे धावणारी आपली राणी आठवली असणार. आता नवा रंग द्यायचा म्हणजे जुना खरवडायचा. ती पट्टी जाणार. मी मुलाला म्हटलं, “बाळ, रंगाचं शेवटी बघू. आधी डबा चालायला हवा.”

हा आमच्या वर्कशॉपचा शिरस्ता. डबा आत आला की तो उचलून बोगींवरून वेगळा करतात. बोगी एका शॉपला, चाकं दुसऱ्या. रंगाऱ्याचा नंबर अगदी अखेरीस. नुसता रंग मारून डबा बाहेर काढला तर तो यार्डातच पुन्हा आजारी पडेल. छोट्या डब्यालाही हाच नियम.

म्हणून सुरुवात चाकांपासून. जुन्या डब्यांना प्लॅस्टिकची चाकं असत. ती घाण उचलतात आणि सगळ्या रुळांवर पसरवतात. मॉडेलच्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, त्यामुळे रूळ मळले की इंजिन आचके देतं. शिवाय जुन्या चाकांची कड, जिला फ्लँज म्हणतात, फार खोल असते. पूर्वी मॉडेलचे रूळ अडीच मिलिमीटर उंचीचे असत, तेव्हा हे चालून जाई. आता अनेक जण जेमतेम एकोणीस दशांश, म्हणजे १.९ मिलिमीटर उंचीचे रूळ वापरतात. त्यांवर ही खोल कड रूळ धरून ठेवणाऱ्या चिमट्यांवर आपटत जाते आणि डबा खडखडतो. उपाय सोपा आहे. धातूची नवी चाकं बसवायची. पण तीन गोष्टी पाहायच्या. एक, निदान एका बाजूचं चाक आसापासून विजेच्या दृष्टीने तोडलेलं हवं, नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होईल. दोन, आसाची टोकं सुईसारखी निमुळती असतात आणि त्यांची एकूण लांबी बहुधा सव्वीस मिलिमीटर असते. बोगीत ती बसते का, हे आधी तपासावं. भोक झिजलेलं असेल तर पितळेची इवलीशी वाटी बसवायची. तीन, दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे साडेचौदा मिलिमीटर ठेवायचं. जुन्या चाकांत ते कमी असतं आणि म्हणूनच डबा सांध्यावर अडखळून पडतो. त्या मुलाचे डबे पडण्याचं मुख्य कारण हेच होतं.

मग वजन. जुना प्लॅस्टिकचा डबा हलका असतो. लांब गाडीत, वळणावर, इंजिन ओढतं तेव्हा मधला हलका डबा आतल्या बाजूला कलंडतो. अमेरिकेत मॉडेल रेल्वेवाल्यांची १९३५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना आहे. तिची शिफारस अशी : आपल्या डब्यांहून थोड्या लहान, एच-ओ मापाच्या डब्याला मूळ एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. म्हणजे दहा इंची डब्याला सहा औंस, सुमारे १७० ग्रॅम. इंग्लंडातले लोक साधारण दर आसाला पंचवीस ग्रॅम पुरे मानतात, म्हणजे चार आसांच्या डब्याला शंभर. मी हे दुसरं गणित धरतो, कारण इंजिनाची ताकदही पाहावी लागते. वजन तळाशी आणि शक्यतो बोगींच्या वर ठेवायचं. त्यासाठी शिसं वापरू नका. ते विषारी, आणि घरात मुलं असतात. शिवाय शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात बसवले तर वर्षं गेल्यावर ते फुगून मॉडेल फोडतात, असा अनेकांचा अनुभव आहे. लोखंडी वॉशर उत्तम. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

आता कपलिंग. नव्या-जुन्याची खरी गाठ इथे पडते, अगदी मोठ्या रेल्वेतसुद्धा. पेरांबूरच्या आयसीएफ कारखान्यात १९५५ पासून स्विस पद्धतीचे डबे बनत आले. त्या बांधणीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला आणि जर्मन पद्धतीच्या एलएचबी डब्यांनी जागा घेतली. जुन्या डब्याला साखळीसारखं स्क्रू कपलिंग आणि बाजूला दोन बफर, तर नव्याला मधोमध एकच मजबूत जोड. हे दोन डबे नुसते शेजारी आणून जुळत नाहीत. म्हणून जुने डबे मोडीतच निघाले असंही नाही. त्यांतल्या कित्येकांच्या खिडक्या बंद करून, टोकाला दारं बसवून मोटारगाड्या वाहून नेणारे मालडबे केले. जुन्याचं काय करायचं, याला ‘भंगार’ हे एकच उत्तर नसतं.

छोट्या डब्यांत जुनं कपलिंग म्हणजे पुढे आलेला मोठा आकडा. तो डब्यांमध्ये बोटभर मोकळी जागा ठेवतो. आता बहुतेक युरोपीय उत्पादक ठरलेल्या मापाची एक चौकोनी खाच देतात आणि तीत हवं ते कपलिंग खोचता येतं. जुन्या बोगीला अशी खाच चिकटवता येते. पण एकत्रच धावणाऱ्या चार डब्यांना मी एवढा खर्च करत नाही. मधल्या जोडांना तारेची साधी दांडी लावतो आणि फक्त दोन टोकांना नवं कपलिंग. दांडीची लांबी मात्र आपल्या सर्वांत तीव्र वळणावर पाहून ठरवायची. फार आखूड केली तर बफर एकमेकांत अडकतात. मग काळ्या कागदाच्या घड्या घालून दोन डब्यांमधला भाता करायचा. या दीडदमडीच्या कागदाने गाडीला जो एकसंधपणा येतो, तो पाहण्यासारखा असतो.

इथपर्यंत डबा चालू लागला. आता रूप. जुना डबा जुना दिसतो तो मुख्यतः खिडक्यांमुळे. जाड प्लॅस्टिकच्या भिंतीत काच खोल आत बसलेली, जणू किल्ल्याच्या भिंतीतला झरोका. खऱ्या डब्यात काच भिंतीच्या जवळजवळ पातळीत असते. त्यासाठी पारदर्शक पातळ प्लॅस्टिकचे तुकडे खिडकीच्या मापाने कापून आतून पुढे ढकलून बसवायचे. काम चिकाटीचं आहे. इथे झटकन चिकटणारा सुपरग्लू वापरायचा नाही, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. पांढरा गोंद बरा. मग आतल्या आसनांना रंग द्यायचा, चार प्रवासी बसवायचे. छताची चकाकी घालवून मळकट करडा रंग द्यायचा. पोटाखालच्या भागाला ब्रेकच्या धुळीचा तपकिरी हात मारायचा. दाराशेजारच्या साच्यात ओतलेल्या जाड दांड्या तासून पितळी तार लावली की डबा आणखी खरा वाटतो. एलईडीचे दिवेही बसवता येतात. त्यासोबत एक लहानसा कपॅसिटर घातला म्हणजे चाकाचा रुळाशी संपर्क क्षणभर तुटला तरी दिवे मिचमिचत नाहीत.

एवढं करून हे डबे आजच्या तोडीचे झाले का? नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. खरा ब्रिटिश ‘मार्क वन’ डबा साडेचौसष्ट फुटांचा, म्हणजे मॉडेल २५८ मिलिमीटरचं हवं. ट्रायअँगने ते मुद्दाम आखूड केलं, घरातल्या तीव्र वळणांसाठी. ती लांबी काही वाढत नाही. पण गंमत अशी की नवाकोरा महागडा डबाही पूर्ण बरोबर नसतो. डबल ओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरवर असतात, खऱ्या मापाने ते १८.८३ हवेत. हे पटत नाही म्हणून काही लोकांनी १८.२ आणि १८.८३ची वेगळी मापं स्वीकारली आणि सगळी चाकं, सगळे सांधे हाताने केले. त्यांच्या चिकाटीला नमस्कार! पण प्रमाण कुठे थांबवायचं, हे शेवटी ज्याचं त्याने ठरवायचं असतं. माझी रेघ अशी : डबा रुळावरून पडता कामा नये, शेजारच्या डब्याशी जुळला पाहिजे आणि तीन फुटांवरून डोळ्याला खटकता कामा नये. त्यापुढचं सगळं हौस.

त्या चार डब्यांचं असं झालं. चाकं, वजन, दांड्या, खिडक्या, सगळं केलं. मुलगा दर रविवारी येऊन बसायचा. वॉशर चिकटवणं आणि कागदाचे भाते करणं त्याचंच काम. चौथ्या डब्यावर पट्टी नव्हती आणि त्याचं छतही तडकलेलं होतं. तो आम्ही पूर्ण खरवडून नव्याने रंगवला. उरलेल्या तिघांचा रंग नुसता ओल्या फडक्याने पुसला. पोटाखाली जिथे नावं होती, तिथे तपकिरी हात मारला नाही. मुलगा म्हणाला, “मग हे तीन त्या एकाशी जुळत नाहीत.” त्याचं बरोबर होतं. शेवटी त्यानेच नव्या डब्यासाठी एक पट्टी लिहून आणली. अक्षर अर्थातच त्याचं. ती आता त्या जुन्या अक्षराच्या शेजारून धावते.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असं खोकं असेल तर दोन सूचना. डबा मूळ खोक्यासकट, न वापरलेला असेल तर त्याला हात लावण्याआधी जाणकाराला दाखवा. संग्राहकांना तो आहे तसाच हवा असतो. आणि वापरलेला, झिजलेला असेल तर बिनधास्त उघडा, पण खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी, पोटाखालूनही फोटो काढा. सुटे भाग एका डबीत ठेवा. काढलेली जुनी चाकंसुद्धा टाकू नका, पुढे कुणाला ती परत बसवावीशी वाटली तर हाताशी असावीत. नवा चांगला डबा मागवायचा तर कित्येक हजार रुपये लागतात. दुरुस्तीला त्याच्या काही अंशानेच पैसे लागतात आणि बरेचसे रविवार.

जुनी वस्तू सुधारताना तिला नवी करून टाकण्याचा मोह होतो. आमच्या वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन बाहेर पडणारा डबा नवा नसायचा, तो पुन्हा धावण्याजोगा झालेला असायचा. त्याच्या अंगावर फक्त दुरुस्तीची तारीख नवी लिहिलेली असे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)